बाभळीपुढची गिट्टी

“विजू, तू तं बोरीची. कोयशाचं इंजिन होतं तवा रुळातली गिट्टी कशी दिसे वो?”

बबनरावांनी हे स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं तेव्हा विजयमाला वरण घोटत होती, आणि शेजारणीचं नाव विचारल्यावर सांगावं इतक्या सहज तिनं सांगून टाकलं, “मधात कायी, तेलकट. कडेनं तांबडी, मुरमाची. आन् बाभयीपाशी पांढरे ठिपके रायत, कापसाचे.” बोलून झालं आणि रवी हातात थांबली. बबनराव दोन हातांत दोन बश्या घेऊन उभे होते, एकीत राखाडी चुरा, दुसरीत तपकिरी, चष्मा कपाळावर चढवलेला. “कोन्त्या बाभयीपाशी?” त्यांनी विचारलं. विचारण्यात खोच काही नव्हती. खोच ठेवून बोलणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. तरी विजयमालेनं गॅस उगाच बारीक केला, मग मोठा केला. “हाय एक,” ती म्हणाली. “स्टेशन सुटलं की पुलाच्या अलीकडं.” बबनराव जरा वेळ आठवत राहिले. मग म्हणाले, “तुमचं वावर तं नदीच्या त्या बाजूनं होतं नं? तू काहून जाय तिकडं?” “कापूस वेचायले,” ती म्हणाली. “बंड्यांतून सांडे तो.” हे खोटं नव्हतं. अर्धं तरी नव्हतंच. बबनरावांना ते पुरलं. दोन्ही बश्या जपून धरत ते हॉलमध्ये परत गेले, आणि वरणाला उतू जायचं होतं ते गेलंच.

मागच्या दिवाळीत हॉलमधला दिवाण गच्चीवर गेला आणि त्या जागी प्लायवूड आलं, तेव्हापासून यवतमाळच्या या घरात आल्यागेल्याला स्वयंपाकघरात पाटावर बसावं लागत होतं. बबनराव वीज मंडळात मीटर दुरुस्तीला होते. मीटरच्या पोटातली केसाएवढी तार चिमट्यानं बसवणारा माणूस. घरी आल्यावर हात स्वस्थ कसे बसतील. मुलगी निकिता शिकायला पुण्याला गेली, घर रिकामं झालं, आणि या गृहस्थानं शकुंतला बांधायला घेतली. शकुंतला म्हणजे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी छोट्या रुळांची गाडी. लहानपणी दारव्ह्याला मामाकडे ते तिनंच जात. पितळी पट्टीचे रूळ झाले, कुल्फीच्या काड्यांचे स्लीपर झाले, नागपूरहून आणलेल्या खेळण्यातल्या इंजिनाला काळा रंग देऊन त्याचं जुनं वाफेचं इंजिन झालं. आणि स्टेशन कुठलं करायचं, तर बोरी अरब. “जावाई कुठचा मी? बोरीचा. मंग दुसरं कोन्तं करू?” असं ते येईल त्याला सांगत आणि विजयमालेकडे पाहून हसत. तिच्यासाठीच होतं ते सगळं. हेच तर तिला अवघड जात होतं.

गिट्टीपाशी मात्र घोडं अडलं. आधी रवा रंगवून झाला, तो उपम्यासारखा दिसायला लागला. मग चहाचा चोथा वाळवून पसरला, त्याला मुंग्या आल्या. एके दिवशी त्यांनी खसखस मागितली तेव्हा विजयमाला म्हणाली, “खसखशीचा भाव मालूम हाय का तुम्हाले? लाडू कराले नाही मियत, आन् रुयात टाकता?” निकितानं पुण्याहून इंटरनेटवरची काही पानं छापून पाठवली होती. तिकडच्या देशांतल्या हौशी लोकांनी लिहिलेलं, बबनराव डिक्शनरी घेऊन लावत. त्यात एक नियम होता, तो त्यांनी जेवताना मोठ्या कौतुकानं सांगितला: वस्तू लहान केली की तिचा रंगही फिका करायचा असतो. खऱ्या रुळावरची खरी गिट्टी आणून कुटून टाकली तरी ती खोटी दिसते, फार गडद दिसते. म्हणून सगळे राखाडीच वापरतात. फिका राखाडी, थोडा तपकिरी मिसळून. तरीही मागच्या रविवारी ते बोरीला जाऊन पिशवीभर गिट्टी घेऊन आलेच. ती पाहून विजयमालेला कसंसंच झालं. मळकी, धुरळा बसलेली, मधूनमधून वाळलं गवत. डिझेलचं इंजिन येऊन दहाबारा वर्षं झाली होती, कोळसा कुठला आणि राख कुठली. तिच्या भावानं या साली सगळं सोयाबीन पेरलं होतं. रुळाशेजारच्या सरकी काढायच्या जिनाला कुलूप होतं, आणि शेडमध्ये कोणीतरी सिमेंटची पोती ठेवत होतं. कापसाचं नाव काढलं की माणसं तोंड फिरवत. रोजचा पेपर बबनराव आधी वाचत आणि जिल्ह्याचं पान आत घडी घालून मगच तिच्या हाती देत. मारेगावकडच्या शेतकऱ्याची बातमी असो की नेरकडच्या, ती आत गेलेली असे. तिनंही ती घडी कधी उलटी केली नव्हती.

त्या रात्री काही नाही, पण दुसऱ्या दिवशी दुपारी धुणं वाळत घालताना ती बाभूळ तिच्यापुढे येऊन उभी राहिली. येणारच होती. बावीस वर्षं तिनं तिला कशाकशाखाली दाबून ठेवलं होतं, सणवार, निकिताचे ताप, सासूबाईंची आजारपणं, आणि या भल्या माणसानं दोन बश्या हातात धरून ती वर काढली होती. जानेवारी होता. थंडीत कापसाच्या बंड्या जिनापुढे रांग लावून उभ्या, बैल सोडलेले, आणि हवेतच रुई तरंगत असायची. कोणाच्या मिश्यांवर, कोणाच्या पदरावर, रुळाच्या गिट्टीवर. कपिलचे वडील जिनात रुईच्या गाठी बांधायला होते. कपिल यवतमाळला कॉलेजात शिके आणि शनिवारच्या गाडीनं घरी येई. बौद्धपुऱ्यातला मुलगा, आणि ती रामराव पाटलांची. रांगेत बंडीपाशी थांबलेल्या आपल्या बापाचा डबा घेऊन ती जिनावर जायची, आणि तो गाठीवर बसून काहीतरी वाचत असायचा. एकदा त्यानं तिला विचारलं होतं, “तुमच्या कापसाले वास कायचा येते?” ती म्हणाली, “कापसाले कुठं वास रायते?” तर तो म्हणाला, “रायते. उन्हाचा रायते. वावरावावराचा अलग.” आणि मग घरी जाऊन तिनं मूठभर कापूस नाकाशी धरला होता, आई बघत नाही असं पाहून. वास होता. इतकंसंच सगळं. पुढे दोन वर्षं जे झालं त्यात याहून मोठं काही घडलं नाही, तरी दोघांनी ठरवलं की आता इथं राहायचं नाही. तो यवतमाळहून गाडीत बसून येणार, तिनं बोरीला चढायचं, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरायची, नागपूर गाठायचं. प्लॅटफॉर्मवर चढणं शक्य नव्हतं. तिथं अख्खं गाव असे. म्हणून बाभूळ.

दोन साड्या आणि मॅट्रिकचं सर्टिफिकेट तिनं कापसाच्या गाठोड्यात लपवलं. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेतलेल्या पोरीला बोरीत कोण विचारतं, कुठं चालली म्हणून. ती बाभळीपाशी येऊन उभी राहिली. गाडी स्टेशनातून सुटली, पुलाचा चढ लागला तसं इंजिन धापा टाकायला लागलं. आणि विजयमालेचं सगळं दुःख जर कशात असेल तर यात होतं की ती गाडी शकुंतला होती. दुसरी कुठली गाडी असती तर धडधडत निघून गेली असती आणि माणूस म्हणू शकला असता, चुकली हो, क्षणात गेली. शकुंतलेतून लोक उतरून लघवीला जाऊन परत चढत. चढावर तर पोरं खाली उतरून डब्याच्या बाजूनं चालायची. कपिल दारात उभा होता, त्यानं हात पुढे केला. तिनं धरला नाही. तो खाली उतरला. तिच्यापाशी आला. “चाल,” म्हणाला. डबे एकामागून एक सावकाश जात होते, त्यांतली माणसं शेंगा खात होती, कोणाचं लक्ष नव्हतं. “चाल नं, विजू. अजून टाइम हाय.” टाइम होता. तीन डबे होते अजून. ती खाली पाहत राहिली. रुळांच्या मधली गिट्टी काळी होती, तेल आणि कोळशानं माखून एकमेकीला चिकटलेली. कडेला मुरूम, तांबडा, ओलसर. त्यावर कापसाचे पुंजके अडकलेले, एक तिच्या अंगठ्याजवळ, त्याच्यात काळी सरकी तशीच. आणि एक दगड फुटलेला होता, आत पांढरी गारगोटी चकाकत होती. तिनं तो दगड पाहिला. ती तो इतका वेळ पाहत राहिली की शेवटचा डबा गेला, आणि कपिलचे कॅनव्हासचे बूट तिच्या नजरेतून निघून गेले, आधी चालत, मग पळत.

का, हे तिनं स्वतःला पुष्कळदा विचारलं. कपिलचे आईबाप गावातच राहणार होते, आणि आपण गेल्यावर संध्याकाळी बौद्धपुऱ्यात काय होईल हे तिला कळत होतं; हे एक उत्तर होतं, आणि खरं होतं. पण बाभळीपर्यंत जाताना हे तिला ठाऊक नव्हतं का? ठाऊक होतंच. मग? भ्यायली ती. पाय उचलला नाही. घरी आली, आईनं डोक्यावरचं गाठोडं उतरवून कापसाच्या ढिगावर मोकळं केलं, आणि साड्या बाहेर पडल्या. आई त्यांच्याकडे पाहत राहिली, मग तिच्याकडे. नंतर खाली बसून एकेका साडीला चिकटलेली सरकी वेचून काढली, घड्या घातल्या. “लुगडे कापसात कायले ठेवा, माय,” एवढंच म्हणाली, “डाग लागते.” पुढच्या महिन्यात यवतमाळहून बबनरावांचं स्थळ आलं. त्याच कापसाची गादी भरून आईनं रुखवतात ठेवली. कपिल पुढे नागपूरला बँकेत लागला, लग्न झालं, मुलं झाली, हे तिच्या कानावर येत गेलं. तिला त्याचा चेहराही आता नीट आठवत नव्हता. हाताची बोटं आठवत, आणि गिट्टी.

संध्याकाळी बबनराव आले, चहा झाला, तेव्हा ती आपण होऊन म्हणाली, “मले काही नीट आठवत नाही हो. राखाडीच असन. सगयीकडं तशीच रायते.” बबनराव म्हणाले, “पन काल तं तू...” “लहान होती मी. उगीच म्हटलं.” त्यांनी मान हलवली. त्यांना थोडं वाईट वाटलं असावं, काळी-तांबडी ऐकून ते हरखले होते. पण बायकोचा शब्द. आणि निकिताची पानंही तेच सांगत होती. शनिवारपर्यंत त्यांनी बोरीची गिट्टी कुटली, चाळली, चुना मिसळून फिकी केली, आणि ब्रशनं रुळांमधून पसरून दिली, सुटीच. “उद्या जेवण झालं की फेविकॉलचं पानी सोडतो,” ते म्हणाले. “एकडाव सुकलं की मंग हातोडीनंही निंघत नाही.” विजयमालेनं पाहिलं. छान दिसत होतं. कुठल्याही देशातल्या कुठल्याही गाडीचा रूळ वाटावा इतकं नीटनेटकं दिसत होतं. बबनरावांनी पुलाच्या अलीकडे तारेची एक बाभूळही लावली होती, हिरव्या स्पंजाची, तिच्या सांगण्यावरून. तिच्या पायाशी तीच फिकी राखाडी भुकटी. ते पाहताना तिला एकाएकी असं हुरहुरायला लागलं की ती तिथून उठून गच्चीवर गेली. ती वाचली होती खरं तर. तिनं राखाडी म्हटलं आणि सगळं जागच्या जागी राहिलं. नवरा, घर, रविवार. पण जिन बंद होता, इंजिन भंगारात गेलं होतं, भावानं कापूस सोडला होता, आणि गाडीही आज आहे उद्या नाही असं लोक बोलत होते. आई जाऊन सात वर्षं झाली होती. ज्या दिवशी तिला कोणीतरी “चाल” म्हटलं तो दिवस या पृथ्वीवर आता एवढ्या प्लायवूडवरच उरू शकत होता, आणि तिथंही तिनंच तो पुसला होता. उद्या फेविकॉल पडलं की संपलं. तिला तो दिवस परत नको होता. तो घडला होता एवढं कुठंतरी असायला हवं होतं. तिला फार वाटलं तसं, रडावंसं वाटण्याइतकं.

रविवारी सकाळी बबनराव मटण आणायला गेले. रविवारची रांग, शिवाय चौकात बसून गप्पा. लवकर येणारे नव्हते. विजयमालेनं खालच्या इस्त्रीवाल्याकडून विझलेला कोळसा आणला. गच्चीवर पडलेलं छपराचं फुटकं कवेलू खलबत्त्यात कुटलं, तांबडा भुगा झाला. कोळशाचा चुरा वेगळा केला, त्यात शिलाई मशीनचं तेल दोन थेंब. बाभळीपुढची राखाडी तिनं चमच्यानं काढून घेतली, आधी एक वीत, मग अजून थोडी. मधे काळं भरलं, दाबलं. कडेनं तांबडं. फार गडद झालं होतं. नियमाप्रमाणे फिकं करायला हवं होतं, ती क्षणभर चुन्याच्या डबीकडे बघत राहिली आणि तिनं डबी सरकवून ठेवली. गडदच होतं ते. मग आतल्या खोलीत जाऊन गादीच्या कोपऱ्याची शिवण तिनं कात्रीच्या टोकानं उसवली. लग्नातली गादी, दोनदा पिंजून आणलेली, बावीस वर्षं दोघं तिच्यावर झोपत आले होते. चिमूटभर कापूस काढला. पिवळट पडला होता. नाकाशी धरला, कशाचाच वास नव्हता, खोबरेल तेलाचा थोडा. तो तिनं सुईनं तंतू तंतू करून तांबड्यावर टेकवला, एक, आणि एक, आणि बाभळीच्या अगदी पायाशी एक. मिठाचा एक जाडा खडा त्या काळ्यात बसवला, तिथं, जिथं ती फुटकी गारगोटी होती. पाठ भरून आली तेव्हा ती उठली आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. दार वाजलं.

बबनरावांच्या हातात पिशवी होती, ती त्यांनी तशीच खाली ठेवली. वाकून पाहिलं. चष्मा कपाळावरून खाली आणून पाहिलं. विजयमाला बघत होती की आता काय विचारतात, आणि विचारलं तर ती काय सांगणार होती हे तिचं तिलाही ठाऊक नव्हतं. प्लायवूडपाशी ते उकिडवे बसले. मग म्हणाले, “हा कापूस कुठचा?” “घरचा,” ती म्हणाली. “गादीतला. बोरीचा.” त्यांनी बोट पुढे केलं, पण लावलं नाही. “एवढंच?” ते म्हणाले. “बाकी रूळ राखाडीच राहू देऊ का?” “बाकीचं मले नाही आठवत,” ती म्हणाली. यावर ते सावकाश मान डोलवत राहिले, कोणी फार दूरचं काही सांगितल्यावर डोलवतात तशी. नंतर उठून त्यांनी कपाटातून काड्यापेटी आणली. त्यात त्यांनी काड्यांची, मेणाची माणसं करून ठेवली होती, हमाल, डोक्याला फेटा बांधलेला म्हातारा, आणि एक बाई, तिच्या डोक्यावर पांढरा ठिपका. “गाठोडं हाय,” ते म्हणाले. “कापसाचं. तू म्हटलं होतं नं वेचायले जाय म्हणून. तूच ठेव हिले, कुठं ठेवायची ते.” विजयमालेनं बाईला चिमटीत धरलं. इतकी हलकी होती की धरली आहे की नाही कळेना. प्लॅटफॉर्म तिच्या जवळ होता, बाकडं होतं, कडुनिंबाची सावली होती. तिनं हात लांब केला आणि बाईला बाभळीपुढच्या गिट्टीवर उभं केलं. “एकलीच?” बबनरावांनी विचारलं. “हो,” ती म्हणाली.

दुपारी, मटण गॅसवर असताना, त्यांनी फेविकॉलचं पाणी ड्रॉपरनं सोडलं, सगळ्यात आधी तिथंच. थेंब पडला की काळं आणखी काळं होई आणि तांबडं ओलं होई, पाऊस पडून गेल्यावर व्हायचं तसं. आणि तिला ते इतकं खरं दिसायला लागलं की तिनं पायाची बोटं आत ओढून घेतली. संध्याकाळी सुकल्यावर बबनरावांनी गाडी जोडली. एका डब्याच्या दारात त्यांनी मेणाचा एक माणूस चिकटवला होता, एक हात बाहेर काढलेला. शकुंतलेच्या दारात कोणी ना कोणी असा लटकलेला असेच, म्हणून. “खरी काही गोल फिरत नव्हती,” ते दरवेळी म्हणत तसं म्हणाले, “पन हॉलमधी मूर्तिजापूर कुठून आनू?” बटण फिरवलं. गाडी स्टेशनातून निघाली, बाभळीपाशी आली, बाईच्या समोरून गेली, पूल ओलांडून कपाटाच्या मागे दिसेनाशी झाली. विजयमाला उभीच होती. मग गाडी भिंतीकडून पुन्हा आली. हे तिनं धरलंच नव्हतं, की ती पुन्हा येईल. तोच डबा, तेच दार, तोच बाहेर काढलेला हात. पुन्हा गेली, आणि पुन्हा आली. तिनं पदराचं टोक तोंडाशी धरलं.

“लय जोरात जाऊन राह्यली,” ती म्हणाली. “चढावर एवढी जोरात नव्हती.”

बबनरावांनी बटण मागे घेतलं. गाडी संथ झाली. डबे एकेक करून बाभळीपुढून सरकायला लागले.

“इतक्या हळू?” ते म्हणाले. “इतक्या हळू गाडीत तं कोनीबी चढलं असतं.”

“हो,” विजयमाला म्हणाली. “चढता येत होतं.”

बबनराव तिच्याकडे वळले नाहीत. त्यांचं लक्ष त्या काळ्या-तांबड्या वीतभर जागेवर होतं. कपाटामागून गाडी परत येताना दिसली तसा त्यांनी बटणावरचा हात आणखी थोडा मागे घेतला, आणि गाडी आणखी हळू झाली.